वारा सरला का?

आतड्याला पीळ पडला म्हणून राजाबाईला बिडकीनजवळच्या वस्तीवरनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं ते शेजारच्या मुंजाबानं. ऑपरेशन नीट पार पडलं, तसा तोही गावी परतला. मुलगा खंडेराव बायकोला आणि मेंढरांना घेऊन लांब घाटाखाली गेलेला. त्याचा फोन लागत नव्हता.

तोंडावाटे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ओठ सुकले की नर्स प्रांजली त्यांवरून ओला कापूस फिरवायची.

"आतडी अजून झोपलीत, मावशी," तरुण डॉक्टर शंतनू म्हणाले. "एरवी ती आवळतात, सैल होतात, खाल्लेलं पुढं ढकलत नेतात. आत्ता पाणी दिलं तर जागच्या जागी साचेल, उलटून बाहेर येईल. वारा सरला की ती जागी झाली समजायचं. लगेच सांगा मला."

शेजारच्या खाटेवर पडेगावची रत्नमाला होती. तिच्याभोवती सासू, नणंदा, दीर, सगळा गोतावळा. डबे उघडले की मेथीचा, ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा आणि राजाबाई भिंतीकडं तोंड करायची.

एका दुपारी रत्नमालेची माणसं चहाला गेली असताना राजाबाईच्या पोटात गुडगुडलं. कळ आली, सरकत खाली गेली आणि वारा सरला. तिला इतकं बरं वाटलं की हसूच फुटलं. कुणाला तरी सांगावं म्हणून तिनं मान वळवली. रत्नमाला झोपली होती. प्रांजली ड्युटी संपवून घरी गेली होती.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा खाटेभोवती पुन्हा गर्दी होती.

"काय मावशी, वारा सरला का?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

रत्नमालेचा दीर वळून बघायला लागला. राजाबाईनं पदर सावरला.

"नाय," ती म्हणाली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. राजाबाई पुन्हा तहानलेलीच राहिली. आपल्या बाजूचं कुणी असतं तर त्याच्या कानात सांगितलं असतं, असं तिला राहून राहून वाटलं.

सकाळी प्रांजली कापूस घेऊन आली, तेव्हा राजाबाईनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं आणि कानात सांगितलं.

"अहो, मग कालच बोलायचं ना!" प्रांजली म्हणाली. "लई घोर लागला होता डॉक्टरांना."

डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं, मान हलवली. प्रांजलीनं चमच्यानं पाणी पाजलं. गार घोट घशातनं छातीत, तिथनं खाली उतरताना राजाबाईला कळत होता. ती श्वास धरून पडली. उलटी आली नाही. दुपारी मुगाचं पाणीही पोटात राहिलं.

तेवढ्यात उशाजवळचा तिचा फोन वाजला. पलीकडनं मेंढरांचा कालवा येत होता.

"आये, मुंजाबानं सांगितलं दवाखान्याचं. बरी हायेस नव्हं? जेवलीस का?" खंडेराव ओरडून विचारत होता.

"व्हय, जेवले." झोपलेल्या आतड्यांचं, तहानेचं, सगळं सांगायचं म्हणून ती जराशी उठून बसली. "आरं, माझी आतडी काल..."

"मेंढरं रस्त्यावर आलीत, आये. करतो मागनं."

फोन बंद झाला. रत्नमालेकडं डबे उघडत होते. राजाबाईनं उरलेल्या मुगाच्या पाण्याची वाटी तोंडाला लावली.