माझा सैल बेल्ट आणि पेंगुळलेली बाई

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि सध्या माझं डोकं उठलंय. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सुरुवात गोड करावी, आपण कुठे जन्मलो आणि कसे चकाकत होतो ते आधी सांगावं, अशी पद्धत आहे. तेही सांगेन. पण त्याआधी हे ऐकून घ्या, की मी ज्या घरात राहतो तिथल्या दोन शहाण्या भावंडांनी एका गाण्यापायी अडीच वर्षं एकमेकांशी अबोला धरला आणि खापर फोडलं माझ्या डोक्यावर. मी काय यांचं घोडं मारलं होतं?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे ओळीने बसलेल्या बायकांपैकी एकीने माझ्या पोटात मोटर बसवली, दुसरीने एक जड चाक बसवलं आणि तिसरीने मोटरीपासून चाकापर्यंत एक रबरी बेल्ट ताणून घातला. मोटर बेल्टला फिरवते, बेल्ट चाकाला फिरवतो आणि चाक कॅसेटची फीत पुढे ओढतं. बेल्ट ताठ असला तर गाणं जसं गायलं गेलं तसंच वाजतं. तो सैल पडला तर चाक रेंगाळतं आणि गाणंही रेंगाळतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण या घरात ते कुणीच ठेवलं नाही.

मला विकत आणलं ते या घरातल्या बाबांनी. ते वाचनालयात कामाला होते. गाण्यातलं त्यांना फारसं कळत नसे, पण मला ते फार जपत. सुटीच्या दिवशी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून माझं हेड, म्हणजे फितीवरून आवाज उचलणारा भाग, पुसत, उन्हाची तिरीप आली की मला उचलून सावलीत ठेवत. मुलं खोलीतून बाहेर पडली आणि दिवा चालू राहिला, तर मागून येऊन तो बंद करणारेही तेच. 'घर आहे की स्टेशन?' असं पुटपुटत ते खोल्याखोल्यांतून हिंडत असत. मला त्यांचा फार आधार वाटायचा.

माझी खरी मालकीण मात्र थोरली मुलगी. तिला सगळे ताई म्हणतात. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कामावर आहे. घरी आली की बाहीवरची काचेची बारीक पूड झटकते, हात धुते आणि मगच मला हात लावते. एवढी एक गोष्ट तिची चांगली. बाकी तिची गाणी! मला वाटलं होतं, चारचौघांत वाजतात तसली गाणी वाजवू, पाहुणे मान डोलवतील, कुणीतरी म्हणेल, आवाज काय सुरेख आहे हो तुमच्या टेपचा! कसलं काय! ताई एका तळघरातल्या दुकानात जायची. दुसरीकडे कुणी घेत नसलेल्या कॅसेटी तिथे मिळत. ती आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या त्या कॅसेटी पिशवीत घालून आणत आणि दार लावून ऐकत बसत. गायकांची नावं त्यांना जड जात म्हणून त्यांनी टोपणनावं ठेवली होती.

पहिले होते 'खोकणारे'. तीन जणांचा बँड, सगळं गाणं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेलं. पहिल्याच गाण्यात गाणारा मध्येच खोकतो. मला शरमल्यासारखं व्हायचं, ऐकणाऱ्याला वाटायचं माझ्यातच काहीतरी बिघडलंय. ताईला तो खोकलाच प्रिय. ती बारक्याला सांगायची, "काढून टाकता आला असता रे तो. त्यांनी ठेवला. आपल्याला ताप आलाय आणि कुणीतरी उशाशी बसून गातंय, असं वाटतं बघ." दुसरे 'पत्रेवाले'. ते तेलाच्या डब्यांवर आणि पत्र्यांवर वाजवत, आठ-आठ मिनिटं शब्द म्हणून नाही. शेजारच्या काकांनी एकदा येऊन विचारलं होतं, की छपराचं काम अजून किती दिवस चालणार. तिसरा 'कुजबुज्या'. तो इतका हळू गातो, की ताई माझा आवाज पुरता वाढवायची. मग एकदम गिटार यायची, भांडी हादरायची आणि भिंतीवर शेजाऱ्यांची थाप पडायची. शिव्या कुणाला? टेपला.

आणि तिची मिजास तर विचारू नका. एकदा दाढ दुखली म्हणून ती दातांच्या दवाखान्यात गेली, तर तिथे बाकावर बसलेल्या लोकांसाठी खोकणाऱ्यांचं गाणं लावलेलं. घरी आली ती गाल धरून आणि तोंड पाडून.

"संपले ते," ती म्हणाली.

आई घाबरली. "कोण गं? कोण गेलं?"

"खोकणारे. आता ते सगळ्यांना आवडायला लागलेत."

"अगं, मग चांगलंच ना? तुझी निवड बरोबर होती असं झालं."

"तुला नाही कळायचं, आई."

आईला खरंच कळलं नाही. मलाही नाही. खोकणाऱ्यांची कॅसेट खालच्या खणात गेली आणि तिथेच पडून राहिली. जगाने तोंड फिरवलं म्हणून रुसणारी माणसं मी पाहिली आहेत, जगाने मान डोलावली म्हणून रुसणारी ही एकच.

मग बाबा आजारी पडले. आजार लांबला, घर दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकलं आणि माझं हेड पुसायला कुणी उरलं नाही. माझा बेल्ट त्याच दिवसांत सैल पडत गेला. रबरच ते, किती दिवस ताठ राहणार? पण इतका हळूहळू सैल पडला, की ऐकणाऱ्यांना कळलंच नाही. बाबा गेले. पुढे कितीतरी आठवडे मला कुणी हात लावला नाही.

त्यानंतर ताईने आणलेली पहिली कॅसेट एका गाणाऱ्या बाईची. त्या कॅसेटमधलं एक गाणं एका घराविषयी आहे. घरातली माणसं बाहेर गेली आहेत आणि प्रत्येक खोलीत दिवा चालूच आहे, बंद करायला कुणी नाही. एवढंच ते गाणं. माझ्यावर ते लागलं तेव्हा बाईचा आवाज जड, झोपेतून उठल्यासारखा निघाला आणि प्रत्येक ओळ संपताना खाली बसत गेली. ताई आणि बारक्या जमिनीवर बसून ऐकत होते. बाबा गेले तेव्हा लोकांसमोर दोघंही रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मित्रांनो, मी कितीही कुरकुर करत असलो तरी त्या संध्याकाळी मला स्वतःचा अभिमान वाटला. त्या गायिकेचं नाव पडलं 'पेंगुळलेली बाई'. पुढे कितीतरी वर्षं, घरात कुणालाही बाबांची आठवण अनावर झाली की कुणीच काही बोलायचं नाही, ते गाणं लावायचं, अशी रीतच पडली.

बारक्या मोठा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, वेगळा राहू लागला. पण रविवारी यायचा आणि दोघं गाणं ऐकायची. अशात ती बाई आमच्या गावी गायला येणार असं कळलं. ताईने नवे कपडे शिवून घेतले. दोघं उड्या मारत गेली आणि परत आली ती भांडत.

झालं होतं असं, की पेंगुळलेली बाई मुळी पेंगुळलेली नव्हतीच. चांगली टुणटुणीत, टाळ्या वाजवत गाणारी. दिव्यांचं गाणं तिने दुप्पट वाटावं अशा वेगात म्हटलं आणि लोक हसून नाचले. ते गाणं म्हणजे घरच्यांच्या विसरभोळेपणाची थट्टा होती.

"बाजारू झाली ती," ताई पर्स आपटत म्हणाली. "लोकांना नाचवायला गाण्याचा जीव घेतला."

"ताई, ती बदललेली नाही," बारक्या म्हणाला. "मी विचारलं तिथल्या एकाला. कॅसेटवरही असंच आहे. आपला टेप हळू चालतोय. बेल्ट सैल असणार त्याचा."

"म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीचं ऐकलं?"

"हो."

"बाबा गेल्यावर ऐकलं तेही?"

"तेही. आण, बदलून देतो बेल्ट. दहा मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही त्याला! लिफ्ट वरखाली करणाऱ्याला गाणं काय कळणार?"

बारक्याचा चेहरा उतरला. मग तोही बोलून गेला, "दुसऱ्यांच्या चष्म्याच्या काचा घासतेस तू, पण तुला समोरचं दिसत नाही."

झालं! अबोला सुरू. रविवारी बारक्या आईला भेटायला येई आणि एकाच टेबलावर बसून दोघं आईमार्फत बोलत. "आई, त्याला म्हणावं मीठ इकडे सरकव." "आई, तिला सांग मिठाचा डबा तिच्या कोपराशीच आहे." मध्ये बसून त्या माउलीच्या नाकी नऊ आले. आणि मी? ताई बाकीच्या कॅसेटी लावायची, पण दिव्यांचं गाणं नाही. लावलं तर बारक्याचं खरं ठरेल, या भीतीने. लावलं नाही तर बाबांसाठी करण्यासारखं काही उरत नव्हतं. मी तिला कॅसेट हातात घेऊन परत ठेवताना कितीदा पाहिलंय. अरे, बेल्ट सैल आहे तर आहे! तो मी सैल केला का? वेळच्या वेळी एकाने झाकण उघडून पाहिलं असतं तर ही वेळ आली असती का?

शेवटी आई वैतागली. तिचा हिशेब सरळ होता. "भांडण बेल्टवरून झालं ना? मग बेल्टच बदलून आणते." ताई कामावर गेल्यावर तिने मला चादरीत गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने जुना बेल्ट चिमटीत धरून बाहेर काढला, केराच्या डब्यात टाकला, नवा ताणून बसवला, माझं हेड पुसलं आणि म्हणाला, "घ्या, आजी. नवा झाला अगदी." मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला तरतरी आली. कितीतरी वर्षांनी मी पाहिजे त्या वेगात चालत होतो.

पण रोगापेक्षा इलाज भयंकर. आईने हौसेने ताईसमोर दिव्यांचं गाणं लावलं. माझ्यातून निघाली ती टाळ्यांवर गाणारी, खिदळणारी बाई. आईचा हसरा चेहरा जागच्या जागी राहिला. ताई आईवर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि मांडीवर हात ठेवून नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते जड आवाजातलं गाणं आता जगात कुठेच नव्हतं. दुकानात मिळणार नव्हतं, खुद्द गाणारीलाही येत नव्हतं.

रविवारी बारक्या आला. चपला काढतोय तोवर ताई दारात गेली आणि आईला मध्ये न घालता म्हणाली, "बारक्या, ते गेलं रे."

त्याला कळेना. तिने मला चालू केलं. त्याने दोन ओळी ऐकल्या. मी मनात म्हटलं, आता हा म्हणणार, 'बघ, मी सांगत होतो.' हक्कच होता त्याचा. पण पिशवीतून त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला, मला उताणा न करता अलगद वळवलं आणि माझ्या पाठीचं झाकण उघडलं. गाणं चालूच होतं. त्याने अंगठा माझ्या चाकाच्या कडेला टेकवला आणि हळूच दाबला.

बाईचा आवाज खाली आला.

"इतकं?" त्याने विचारलं.

"अजून थोडं."

त्याने अंगठा आणखी दाबला. मग ताईला काही सांगावं लागलं नाही. त्याने डोळे मिटले होते आणि त्याचा अंगठा आपोआप कमी-जास्त होत होता. ओळ संपताना तो दाब वाढवी आणि ओळ पूर्वीसारखी खाली बसे. नेमकं कुठे ते त्याला ठाऊक होतं. हाच तो मनुष्य, जो म्हणाला होता की आपण चुकीचं ऐकलं. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. गाणं संपलं तेव्हा त्याचा अंगठा लाल झाला होता. ताईने तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "दुखतोय का रे?" तो नाही म्हणाला आणि रडायला लागला.

तेव्हापासून दर रविवारी माझं झाकण उघडं. पोटात धूळ जाते. एक स्क्रू कपाटाखाली गेलाय तो गेलाच. चाकावर अंगठ्याचे ठसे उमटलेत आणि मोटर बिचारी कण्हते. म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. आपल्या वस्तूंची काळजी घ्या. त्यांना पुसा, वेळच्या वेळी झाकण उघडून आत बघा, आणि दुरुस्त करायला नेण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा.

आणि सगळ्यात वैतागाची गोष्ट तर पुढेच आहे. माझ्या मोटरीच्या पाठीशी एक बारीकसा स्क्रू आहे. तो जरासा फिरवला की माझा वेग कायमचा कमी होतो. अंगठा नको, काही नको, ते गाणं एरवी कधीही, एकटीलाही ऐकता येईल. बारक्याने तो स्क्रू पहिल्याच रविवारी पाहिलाय. ताईनेही पाहिलाय, त्याच्या खांद्यावरून वाकून, आणि हा कशाचा म्हणून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काही नाही, असाच आहे." ती बरं म्हणाली.