पुराआधीची भट्टी

वस्तीत त्याला सगळे रांजणबुवा म्हणत. हे नाव कामावरून पडलं की पोटावरून, यावर चहाच्या टपरीवर दोन तट होते आणि दोन्ही तटांना बुवाने मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. मडकी काय, कोणीही फिरवतं. रांजण करावा तर बुवानेच. कमरेइतका उंच, पोटाला गोल, टिचकी मारली की घंटेसारखा वाजणारा. गिऱ्हाईक नदीपलीकडून गाडी घेऊन यायचं आणि बुवा त्याला आधी तासभर ताटकळत ठेवायचा. हाक मारल्याबरोबर उठून बाहेर येणं त्याला कमीपणाचं वाटे.

पण अलीकडे त्याचे हात थरथरायला लागले होते. वस्तीत कोणाला ठाऊक नव्हतं. घरात सुनेला ठाऊक होतं. मुलगा लांबच्या शहरात ट्रक चालवायचा आणि सवड मिळेल तेव्हा घरी यायचा. माती गाळायची, मळायची, ओलं मडकं थापीने थापून घडवायचं, भट्टीला लाकूडफाटा गोळा करायचा, हे सगळं सून करायची. तिला एकच गोष्ट मना होती, ती म्हणजे चाकावर बसणं. "चाकाला एकच मालक असतो," असं बुवा म्हणे आणि विषय तिथेच संपे.

यंदा त्याने सहा रांजण केले. एकेकाला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागला. सहावा उतरवल्यावर तो चाकापाशीच भिंतीला टेकून बसला. हे आपले शेवटचे, हे त्याला कळून चुकलं होतं. लहान मडकी अजून जमत होती, पण रांजणाला जो नेट लागतो तो हातात उरला नव्हता. सुनेने शेजारी चहा आणून ठेवला.

वस्ती नदीकाठची, सखल. पूर काही नवलाईचा नव्हता. मागच्या पुरात बुवाचा सगळा कच्चा माल छपराखाली रचलेला होता. कच्चं मडकं म्हणजे नुसता वाळलेला चिखल, पाणी लागलं की पुन्हा चिखल. पाणी ओसरल्यावर छपराखाली गुडघाभर गाळ उरला. त्यातला नदीचा कोणता आणि आपला कोणता, हे खुद्द बुवालाही सांगता येईना. मग नुकसानीची नोंद करायला एक साहेब आले. "मडक्यांचा काही पुरावा?" त्यांनी विचारलं. बुवाने चिखलाकडे बोट दाखवलं. साहेबांनी सभ्यपणे वही मिटली. पुढे मदत आली ती ऐन उन्हाळ्यात, दोन जाडजूड घोंगड्या. तेव्हापासून कोणी मदत हा शब्द काढला की बुवाचं डोकं फिरायचं.

म्हणूनच शाळेत सभा भरली तेव्हा तो ऐकायला नाही, भांडायला गेला होता. सभा एका संस्थेच्या तरुण बाईने बोलावली होती. पाऊसपाण्याचे निरोप तीच आणायची, म्हणून वस्तीने तिचं नाव हवामानताई ठेवलं होतं.

"नदीच्या वरच्या अंगाला पाणी मोजायची पट्टी आहे," ती सांगत होती. "तिथे पाणी खुणेपर्यंत चढलं आणि हवामानाचा अंदाजही तेच म्हणाला, की पूर तुमच्या घरी पोचायच्या आधी पैसे पोचतील. थेट मोबाइलवर, घरातल्या बाईच्या खात्यात."

"पावत्या द्यायच्या का?" कोणीतरी विचारलं.

"नाही."

"मग खर्च कशावर करायचा?"

"ते तुम्ही ठरवा. तुमचं घर तुम्हाला कळतं, मला नाही."

"आणि पूर आलाच नाही तर? परत मागाल?"

"नाही आला तर देवच पावला म्हणायचं. पैसे तुमचेच."

टपरीवाला उठून उभा राहिला. "ताई, वरातीमागून घोडं आम्ही जन्मभर बघतोय. वरातीच्या आधी घोडं पहिल्यांदाच ऐकतोय!" सगळी शाळा हसली. ताईसुद्धा मनापासून हसली. बुवाला मात्र त्या घोंगड्या आठवल्या.

"ऐका रे सगळे," तो गरजला. "नुकसान व्हायच्या आधी पैसे देणारा कोणी या जगात जन्मला असेल, तर मी माझं चाक सुनेच्या हवाली करीन!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. बुवाने चाक सोडणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं, हे सगळ्यांना माहीत होतं. सून मागे बायकांत बसली होती. तिने मान खाली घातली आणि सभा संपेपर्यंत वर केली नाही.

त्यानंतर एका दुपारी, आभाळ लख्ख असताना, सुनेचा मोबाइल वाजला. तिचे हात कोपरापर्यंत मातीत होते. हात पुसून तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि बुवाकडे गेली. पैसे आले होते. चार दिवसांत पाणी वस्तीत येईल, असा निरोपही होता.

बुवाने आभाळाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "खोटे असतील," तो म्हणाला.

खोटे नव्हते. टपरीवर चहावाला स्वतःचा मोबाइल येणाऱ्याजाणाऱ्याला असा दाखवत होता, जणू नातवाचा फोटो. संध्याकाळपर्यंत वस्तीत एकच धांदल उडाली. कोणी शेळ्या चढावरच्या गावी पाठवायला गाडी ठरवली, कोणी अंथरुणावरच्या आईला रिक्षा करून बहिणीकडे नेऊन पोचवलं. चहावाल्याने तर अख्खी टपरी खिळेमोळे काढून टेम्पोत चढवली. एरवी हीच माणसं शेवटच्या घटकेपर्यंत नदीकडे बघत बसायची, कारण हलायचं म्हटलं तरी आधी खिशात काही लागतं. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण हसत म्हणतो खरं. पण झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, करायला लाकूड लागतं, आणि ते बैल असताना कोणी देत नाही.

"आपणही टेम्पो करू," बुवा म्हणाला. "माल उचलू."

"कच्चा रांजण टेम्पोत, मामंजी? पहिल्याच खड्ड्यात भुगा होईल."

हे बुवाला सांगायची गरज नव्हती.

"मी वखारीत जाऊन लाकूड आणते," सून म्हणाली. "भट्टी लावू. भाजलेल्या मडक्याचं पाणी काय बिघडवणार आहे?"

"रांजण पोटातून अजून ओले आहेत. ओला माल भट्टीत घातला की फुटतो. एवढी वर्षं माझ्या घरात काढलीस आणि हे मी तुला शिकवू?"

"झपाट्याने जाळ केला तर फुटतो. आधी दोन दिवस नुसती मंद धुरी दिली तर? आपण कधी देत नाही, कारण तेवढं लाकूड आपल्याकडे कधी नसतं. आज आणता येईल."

"सगळे पैसे जाळात घालणार? मग खायचं काय, राख?"

"किराण्यापुरते बाजूला काढलेत."

बुवा आवाज खाली आणून म्हणाला, "मडकीच भाज. ती वाळलीयेत, एका दिवसात होतील. रांजण जाऊ दे."

"मडकी तुम्ही पुन्हा फिरवाल, मामंजी. रांजण पुन्हा कराल का?"

त्याच्या हातांबद्दल ती आजवर एक अक्षर बोलली नव्हती. बुवाने दोन्ही हात काखेत घातले, जणू त्यांनाही ते ऐकू जाऊ नये. रागवायला हवं होतं, पण राग येईना. घरात आपलं दुःख कोणाला तरी दिसत होतं, यानेच त्याला भरून आलं. "जा," तो म्हणाला. "बाभूळ घे. आणि वखारवाला ओलं लाकूड माथी मारेल, नीट बघून घे."

वखारवाल्याने ओलं दिलं नाही आणि भावही चढवला नाही. चढवला असता तर सुनेने काय केलं असतं, याची त्याला पुरेशी कल्पना असावी.

दुसऱ्या सकाळी बुवाने भट्टी रचायला घेतली. रांजण तळाला, त्यांच्यावर घागरी, सगळ्यात वर लहान मडकी. आजा असंच रचायचा, बाप असंच रचायचा. बुवाचे हात त्या चालीने आपोआप चालत होते आणि सून माल पोचवत होती. भट्टी गळ्यापर्यंत भरली तेव्हा ती एकदम थबकली.

"मामंजी, पाणी आलं तर भट्टीत कुठून शिरेल?"

"जाळाच्या तोंडातून. दुसरीकडून कुठून?"

"म्हणजे आधी तळाला लागेल. आणि आतला माल पुरता निवालेला नसला तर?"

बुवाचा चेहरा पडला. तापलेल्या भांड्याला गार पाणी लागलं की ते तडकतं, हे कुंभाराच्या घरातल्या रांगत्या पोरालाही कळतं. आणि त्याने स्वतःच्या हातांनी सहाच्या सहा रांजण नदीच्या तोंडी नेऊन ठेवले होते. त्याने आधी आज्याला शिवी घातली, मग बापाला, मग स्वतःला. मग भरलेली भट्टी उपसायला घेतली. तळाला लहान मडकी, त्यांच्या मधून विटांचे खांब आणि खांबांवर रांजण. कोणत्याही कुंभाराने पाहिलं असतं तर पोट धरून हसला असता. या उलथापालथीत अर्धा दिवस गेला, आणि तो अर्धा दिवस आता थंड होण्याच्या वेळेतून कापला जाणार होता.

मग धुरी सुरू झाली. दोघं आळीपाळीने बसले. वरच्या फटींतून पांढरी वाफ निघत होती. सून मधून मधून थंड विळा त्या फटीवर धरायची. विळ्याला घाम आला की आत अजून ओल आहे, असं समजायचं. विळा ओला, पुन्हा ओला, पुन्हा ओला. बुवाची जीभ शिवशिवत होती, घाल मोठा जाळ आणि सुटू एकदाचे. पण तिने एकही ओंडका जास्त सरकवला नाही. घाई करायला हिंमत लागत नाही, सावकाशीला लागते, हे बुवाला तिच्याकडे बघताना कळत होतं. एवढ्या वर्षांत आपण असं मन लावून एकदाही जाळ राखला नाही, हे त्याने मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

शेवटी विळा कोरडा आला. मग तिने जाळ चढवला. भट्टीचं पोट लालबुंद झालं, आतून एकही फुटल्याचा आवाज आला नाही, आणि दोघांनी तोंडाला विटा लावून ते आणि वरच्या फटी मातीने लिंपून टाकल्या. आता नुसतं निवायचं होतं. आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं, भोंगा वाजायला लागला. हवामानताई भिजत दारोदार फिरत होती. "चला, पाणी निघालंय."

"मी भट्टीपाशी थांबतो," बुवा म्हणाला.

"थांबून काय कराल? फुंकर घालाल?" सून म्हणाली. "मामंजी, ती लाकडं मी भट्टीसाठी आणली होती, तुमच्यासाठी नाही. उठा."

बुवा उठला. चढावरच्या शाळेत वस्तीची सगळी माणसं होती, एकही कमी नव्हतं. पाणी आलं आणि बराच मुक्काम करून गेलं. तेवढा काळ बुवा खिडकीशी बसून होता आणि कोणाशी भांडलासुद्धा नाही. त्यामुळे लोकांना त्याची काळजी वाटायला लागली.

परत आले तेव्हा छप्पर नव्हतं. भट्टीभोवती मांडीभर गाळ होता. दोघांनी फावड्याने वाट केली. वरचं लिंपण फोडलं. बुवाने हात आत घातला, पण टिचकी मारायचं धाडस होईना. "तू मार," तो म्हणाला.

सुनेने मारली. घंटा वाजली.

दुसरा वाजला, तिसरा वाजला. एकाची कड तडकली होती, बाकी पाच धडधाकट. तळाची बरीच मडकी मात्र फुटली होती. पाण्याने पहिला घाला त्यांच्यावरच घातला होता. बुवा गाळात फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला लाज वाटली नाही. पहिला रांजण त्याने लगेच चौकात नेऊन ठेवायला लावला, कारण विहिरी नासल्या होत्या आणि टँकरचं पाणी साठवायला वस्तीत धड भांडं उरलं नव्हतं. बाकीच्या चारांना दुपारपर्यंत गिऱ्हाइकं लागली, आणि या वेळी बुवाने एकालाही ताटकळत ठेवलं नाही.

संध्याकाळी हवामानताई आली. पायात चिखल, हातात वही. "बुवा, कोणाचं काय गेलं ते विचारत फिरतेय. तुमचं काय काय गेलं?"

"छप्पर गेलं," बुवा म्हणाला. "तळची मडकी गेली." मग त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि चाक गेलं."

ताईने कोपऱ्यात पाहिलं. दगडी चाक जागच्या जागी होतं, सुनेने धुऊनसुद्धा ठेवलं होतं. "चाक तर इथेच आहे."

"आहे, पण माझं नाही. सभेत बोललो होतो, तुझ्यादेखत. तू जन्मलीस, माझा इलाज खुंटला."

"मामंजी," सून घाईने म्हणाली, "ते तर तुम्ही थट्टेत..."

"मी उभ्या जन्मात कधी थट्टा केलीये? हात धू आणि बस."

तिने हात धुतले. चाकापुढे बसली, पण अवघडून, परक्या घरात पाहुणी बसावी तशी. बुवाने दारातला गाळ चिमटीत घेऊन चोळून पाहिला. मऊ होता, खडा नव्हता. त्याने ओंजळभर उचलला, दोन्ही हातांनी मळला आणि गोळा चाकाच्या मधोमध ठेवला. त्याचे हात थरथरत होते. ताई बघत होती, तरी या वेळी त्याने ते लपवले नाहीत.

"नदीने माती दाराशी आणून टाकलीये, तीही फुकट," तो म्हणाला. "आज मडकं कर. रांजण पुढच्या वर्षी. तोवर आहे मी."