शर्करानंद महाराजांचा उतरता आकडा

पाचोडच्या आठवडी बाजारात त्या दिवशी मिरचीपेक्षा मोसंबीचा खप जास्त होता, आणि मोसंबी घेणारे बहुतेक मधुमेही होते. सगळे बाजाराच्या टोकाच्या मांडवात शिरत होते. तिथं शर्करानंद महाराज साखर उतरवत होते.

रीत साधी होती. भक्तानं स्वतःच्या हातानं मोसंबी सोलून महाराजांपुढं ठेवायची. मग शिष्य अतुल त्याचं बोट टोचायचा, थेंब मशीनला लावायचा आणि माईकवर आकडा सांगायचा. महाराज भक्ताकडं टक लावून बघायचे. अतुल हातांवर तीर्थ ओतायचा, पंच्यानं पुसायचा, पुन्हा टोचायचा. आकडा धाडकन खाली.

"बालका, साखर म्हणजे माया," महाराज सांगायचे, "आणि माया मिलिग्रॅममध्ये मोजतात." लोकांना समजल्यासारखं वाटायचं. तेवढ्यावर भागायचं.

विशाखा मांडवात शिरली तेव्हा तिला फक्त एक माणूस उठवून न्यायचा होता. ती संभाजीनगरात औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करायची. नव्या औषधानं आकडा सुधारला, ठीक. पण माणूस सुधारला का, हे शोधायचं काम. थोडक्यात, तिला संशय घ्यायचा पगार होता. आज मात्र बिनपगारी संशय होता. तिचे वडील मोतीराम पहिल्या रांगेत मोसंबी सोलत बसले होते. त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, ती मोज्यात होती, आणि मोज्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते.

"अण्णा, तुम्ही? आणि महाराजापुढं?"

"पाया पडलो का मी? नाय. बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत मला. पण हे मशीन हाय, विशाखा, देव नाय. सारी नोकरी विजेची मीटरं वाचण्यात गेली माझी. मीटरला भक्तीबिक्ती नसती."

हीच महाराजांची करामत होती. देव विकला असता तर अण्णांनी मांडवच उखडला असता. त्यांनी मशीन विकलं.

अण्णांचा आकडा आला चारशे ऐंशी. तीर्थानंतर दोनशे साठ. टाळ्या पडल्या.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले.

विशाखा पुढं झाली. "महाराज, तुमच्या शिष्याला साखर आहे का?"

"अतुलला? छे. त्याच्यात मीठसुद्धा बेताचं."

"मग त्याला एक मोसंबी सोलू द्या."

महाराजांनी उदारपणे मान हलवली. अतुलनं मोसंबी सोलली, स्वतःचंच बोट टोचलं आणि सवयीनं माईकवर सांगितलं, "तीनशे चाळीस." मग खाली बसला. "महाराज, मला झाली?"

"आता त्याच्याकडं टक लावून बघा, महाराज," विशाखा म्हणाली. "फक्त तीर्थ नको."

महाराजांनी बघितलं. इतकं बघितलं की अतुल लाजला. आकडा आला तीनशे एकतीस.

"आता पाठ करून बसा. अजिबात बघायचं नाही."

तिनं रांजणातल्या पाण्यानं अतुलचे हात साबण लावून धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. पंच्याण्णव.

"नजर होती, पाणी नव्हतं, आकडा वरच राहिला. पाणी होतं, नजर नव्हती, आकडा उतरला," ती म्हणाली. "साखर बोटाला होती. मोसंबीचा रस. थेंबात मिसळला की मशीन त्यालाही मोजतं."

"ते पाणीही माझ्या दरबारातलंच आहे," महाराज पाठमोरेच म्हणाले.

"नळाचं हाय," भाजीवाल्या केसरबाई म्हणाल्या. "रांजण मीच भरलाय. गाळलंबी नाय."

लोक हसले. पण मोसंबीचे बागायतदार साहेबराव हसले नाहीत. "ताई, कशानं का उतरंना. आकडा उतरला ना? आमाला तेवढंच पायजे."

मांडवानं मान डोलावली. विशाखाला हा प्रश्न ओळखीचा होता. ऑफिसातही तो विचारतात, फक्त टाय लावून.

"साहेबराव, खरं औषध रक्तातली साखर खरोखर उतरवतं," ती म्हणाली. "तरी आम्ही तिथं थांबत नाही. चिठ्ठ्या टाकून काहींना औषध देतो, काहींना नाही, आणि बघतो, पाय कुणाचे वाचले. वाचले ते आकडा उतरल्यामुळं, की दुसऱ्याच कशानं? एखादं औषध आकडा छान उतरवतं आणि वेगळ्याच वाटेनं काळजाला धक्का देतं. आकडा खूश, माणूस गेला."

मग ती वडिलांकडं वळली. "अण्णा, लोक मीटरला चुंबक लावायचे ना?"

"लई."

"मीटर थांबायचं?"

"जागच्या जागी."

"आणि घरातला हीटर?"

अण्णांनी स्वतःच्या डाव्या पायाकडं बघितलं. मग वाकले आणि मोजा काढला. वास आधी आला. अंगठा काळा पडला होता. शेजारचा माणूस सरकून बसला.

"हीटर चालूच व्हता," अण्णा म्हणाले. "चल, गाडी काढ."

शहरातल्या डॉक्टरांनी अंगठा काढला. पाय वाचला. आणखी उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं ते म्हणाले, आणि इन्सुलिन परत सुरू केलं.

महाराज आता देवगाव रंगारीला असतात. साखर सोडली, रक्तदाब उतरवतात. गेल्या दरबारात पहिल्या रांगेत कुबडी घेतलेला एक म्हातारा बसला होता. आकडा उतरला, टाळ्या पडल्या, तसा तो उठला. "आकडा ऱ्हाऊ द्या, महाराज. गेल्या येळी ज्यांचा उतरवला, ती माणसं कुठायत? त्यांना घेऊन या. आमी थांबतो."

महाराज म्हणाले, श्रद्धा हवी. अण्णा म्हणाले, माणसं हवीत. मांडव अर्धा रिकामा झाला.

तुम्हीही हेच विचारा. आकडा खरंच उतरला का, हे आधी विचारा. उतरला असेल, तर त्यामुळं दुखणं हटलं का, हे विचारा. विचारायला डिग्री लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध मात्र सोडू नका. आणि प्रश्न ऐकून जो चिडेल, तो महाराज असो की टायवाला, त्याच्यापुढं बसू नका. उभं राहून पुन्हा विचारा.