हेरंबराव मुलगी बघतात

औषधाचं नाव काढलं की हेरंबराव तळपदे तडक चपला घालत. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणून दाराकडे चालू लागत. विसरण्याच्या आजाराची गंमत अशी की, आपण विसरतो हेच माणूस सगळ्यांत आधी विसरतो. दोन डॉक्टरांना त्यांनी छत्री उगारून जिन्यापर्यंत पोचवलं होतं. गोळ्या ते तुळशीच्या कुंडीत पुरत.

त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई टेकीला आल्या होत्या. रक्त तपासल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येणार नाहीत, असं डॉक्टर सौमित्रनं त्यांना बजावलं होतं. रविवारी सकाळी तोच सौमित्र इस्त्रीचा शर्ट घालून, भाच्याचा मित्र म्हणून त्यांच्या ठाकूरद्वारच्या घरी आला. बॅग त्यानं खुर्चीमागे दडवली.

हेरंबरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "एकटेच आलात?"

"हो."

"मीही एकटाच. आईला बरं नाही."

सौमित्रला काही उमगेना. तेवढ्यात राजलक्ष्मीबाई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. हेरंबराव ताडकन उठले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बसा ना. घाबरू नका. नाव काय आपलं?"

एक्कावन्न वर्षं नुसतं "अगं" ऐकलेल्या बाईंच्या हातातली बशी कलली. आपण मुलगी बघायला आलोय, असं यांच्या डोक्यात बसलंय, हे त्यांना कळायला जरा वेळ लागला.

"राजलक्ष्मी."

"छान. मी माझगावला गोदीत क्लार्क आहे. पर्मनंट." वीस वर्षांपूर्वी रिटायर झालेले हेरंबराव मग सौमित्रकडे वळले. "तुम्ही पोहे खा आणि निघा. मुलगी मला पसंत आहे."

सौमित्र हुशार पोरगा. "माझी काही हरकत नाही. पण मुलीकडच्यांची अट आहे. हल्ली लग्नाआधी मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट लागतो."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. छत्री हाताशीच होती.

हेरंबरावांनी अंमळ विचार केला आणि बाही वर सारली. "घ्या! चांगल्या दोन बाटल्या घ्या. आमच्या घराण्यात खोट नाही." सुई टोचली तेव्हा ते हूं की चूं करेनात. मुलीसमोर कण्हायचं कसं?

कापूस दाबून धरताना मात्र ते एकदम गंभीर झाले. "आपण मघापासून आपलंच चालवलंय. यांना कुणी विचारलं का? बोला हो, मी पसंत आहे का तुम्हाला?"

पहिल्या वेळी हे कुणीच विचारलं नव्हतं. वडिलांनी आणि मामांनी आतल्या खोलीत ठरवलं आणि साखर वाटली तेव्हा कुठे बाईंना कळलं. गेलं वर्षभर त्या या माणसावर चिडत होत्या आणि चिडल्याबद्दल स्वतःवर त्याहून जास्त. आता त्यांना हसू आलं, रडूही आलं.

"पसंत आहात," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे एक रीत आहे. जावयानं रोज सकाळी एक गोळी घ्यायची. माझ्या हातून."

"एवढंच ना?" हेरंबरावांनी आ केला, गोळी घेतली, वर पाणी प्यायले. मग सौमित्रच्या कानाशी वाकून पुटपुटले, "पोह्यांत मीठ कमी आहे. पण तुम्ही काही बोलू नका हं. नाही म्हणाली तर?"