अवनीच्या हातातली चाळीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. तळहातावर मावणारे, स्टीलचे, किल्ली दिल्याशिवाय न चालणारे. आज कोथरूडच्या एका सोसायटीत, कपाटाच्या खणात निकामी होऊन पडलो आहे.

माझी उमेदीची वर्षे गेली कुसुमताईंच्या हातात. त्या मुलींच्या शाळेत खो-खो शिकवत. एका अंतिम सामन्यात वेळ संपायला तीन सेकंद असताना एक मुलगी बाद झाली. तिचे वडील तावातावाने आत आले. "घड्याळ खोटं आहे तुमचं!"

"अहो, घड्याळाला आपली मुलगी कोणती ते ठाऊक नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा."

त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे जगलो.

ताई निवृत्त झाल्या आणि मीही. मग गेल्या वर्षी अवनी आली. ती ताईंच्या हाताखालची शेवटची खेळाडू, आता कॉलेजात एकांकिकेची वेळ सांभाळणारी. मागे एकदा ऐन प्रयोगात विंगेत कुणाचा तरी फोन वाजला होता. तेव्हापासून त्या मुलांचा दंडक होता की प्रयोगाआधी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत बंद करायचे. म्हणून तिला मी हवा होतो.

स्पर्धेचा नियम कडक होता. चाळीस मिनिटांवर एक सेकंद गेला तरी एकांकिका बाद. शेवटच्या स्वगताआधी अवनी माझ्याकडे पाहून विंगेतून बॅटरी दाखवी. एकदा लुकलुकली तर वेळ आहे, सावकाश. दोनदा लुकलुकली तर ते स्वगत गाळायचे. मला पुन्हा काम मिळाले होते. मी आनंदाने टिकटिकत होतो.

दिग्दर्शिका उत्कर्षा फार हुशार होती, पण डोके सदा तापलेले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तालमीत अवनी मला टेबलावर ठेवून चहा सांगायला गेली. तेवढ्यात आमोद तेच वाक्य तिसऱ्यांदा चुकला.

"तुला पाठांतर जमत नसेल तर प्रेक्षकांत बस ना!" उत्कर्षा किंचाळली. हाताला लागलो तो मी. तिने मला भिंतीवर भिरकावले.

आमोदने मला उचलून कानाशी धरले. "चालतंय गं."

"मग झालं तर. अवनीला सांगू नकोस, उगाच टेन्शन घेईल."

मी चालत होतो खरा, पण लंगडत. दुसऱ्या दिवशी प्रयोग रंगला. हशे आले, टाळ्या आल्या, आणि त्यात वेळही गेली. स्वगताआधी अवनीने माझ्याकडे पाहिले, तेव्हा खरी पस्तीस मिनिटे झाली होती. मी तेहतीस सांगितले. तिने विश्वासाने बॅटरी एकदाच लुकलुकवली.

पडदा पडला तेव्हा परीक्षकांच्या घड्याळात एक्केचाळीस मिनिटे झाली होती.

"एकच काम होतं तुझं, अवनी! एकच!" उत्कर्षा सगळ्यांसमोर रडत ओरडली. आमोद वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. ती आधीच बांधलेली होती.

संध्याकाळी अवनी मला घेऊन ताईंकडे आली. ताईंनी मला कानाशी धरले, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. "हे आपटलंय कुणीतरी."

"माझ्या हातून नाही, ताई. शपथ."

"तुला कोण म्हणतंय? आणखी कुणाच्या हातात गेलं होतं?"

अवनीने उत्कर्षाला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "मी? मी हातसुद्धा लावला नाही. आता माझ्यावर ढकलतेस होय?"

अवनीने फोन हळूच खाली ठेवला. "ती खोटं नाही बोलायची, ताई. शाळेपासून ओळखते मी तिला. माझ्याच हातून कधीतरी पडलं असेल."

ताईंनी मला कपाटाच्या खणात ठेवले. अवनीने पुन्हा कधी नाटकाच्या दारात पाऊल टाकले नाही. माझा मोडलेला भाग आता कुठेच मिळत नाही.

मित्रांनो, भिंतीवर आपटल्याचे मला फारसे दुःख नाही. राग माणसालाच येतो. पण त्या दोघांपैकी कुणी एकाने चहाचे पेले येताच एवढेच म्हटले असते, "अवनी, घड्याळ पडलं गं," तर तिने वेळ दुसऱ्या घड्याळावर मोजली असती. तुमच्या हातून काही पडले, तर ते उचलून जागेवर ठेवा आणि ज्याचे आहे त्याला सांगा. आयुष्यात मी एकदाच खोटे बोललो, आणि तेही जिचा माझ्यावर विश्वास होता तिच्याशी.