दुतोंडी शब्द

अंगठीच्या आतल्या बाजूला कोरायचा शब्द होणाऱ्या जावयाने सांगितला, तेव्हाच कोरणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. 'क्लीव्ह', तोही इंग्रजी. लग्नाच्या अंगठीत लोक नाव घालतात, तारीख घालतात, फार तर बदाम काढून मागतात. हा कुठला शब्द?

"अर्थ काय ह्याचा?" डोळ्यावरचं भिंग न काढताच त्याने विचारलं.

"तिला कळेल, काका," जावई म्हणाला आणि उगाचच हसला.

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. कोरणारा माघारी त्याला 'कवळीवाला'च म्हणे. खोट्या दातांवर पोट भरणारा माणूस खरा हसतो कधी, ते ओळखायचं कसं? तसा मुलगा सालस, निर्व्यसनी, दिल्या वेळेला हजर. नेमकं हेच ह्या होणाऱ्या सासऱ्याला खटकायचं. एवढा बिनडागाचा माणूस म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, अशी त्याची पक्की खात्री होती. मुलीची आई गेल्यापासून घरात दोघंच होते. उद्या ती जाणार होती ती ह्याच माणसाच्या घरी, मग डोळ्यांत तेल घालून बघायचं नाही तर काय?

जावयाची पाठ वळताच त्याने फोनवर शब्द शोधला. चिरणे. फोडणे. दुभंगणे. त्याच शब्दावरून खाटकाच्या सुऱ्याला 'क्लीव्हर' हे नाव पडलेलं, शेजारी सुऱ्याचं चित्रसुद्धा. कोरणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलगी कामावरून सुटून दुकानात आली, तर बाप अंगठी शिकंज्याच्या पकडीत आवळून नुसता बसलेला.

"मोडून टाक हे लग्न," तो म्हणाला. "एक घाव दोन तुकडे करायचा बेत आहे त्याचा. अंगठीतच लिहून देतोय."

तिने फोन हातात घेतला, वाचलं आणि ती खो खो हसत सुटली. "बाबा, खाली सरकवून बघायचं तरी! हा दुसरा अर्थ बघा. चिकटून राहणे. घट्ट धरणे."

"एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ?"

"एक नाहीत ते, दोन आहेत. चिरणारा वेगळ्या मुळाचा, चिकटणारा वेगळ्या मुळाचा. लोकांच्या तोंडी झिजत झिजत दोघांचा चेहरा एकसारखा झाला."

ह्याने संशय कमी व्हायचा तर दुप्पट झाला. "म्हणजे दुतोंडी! आज म्हणणार चिकटतो, उद्या बिनसलं की म्हणणार, मी तर चिरतो असंच लिहिलं होतं. वकिलाच्या वर डोकं आहे तुझ्या कवळीवाल्याचं. विचारलं तर कसा हसला, माहितीये?"

"हसणारच. तुम्ही विचारलंत की त्याला घाम फुटतो." ती स्टुलावर बसली. "आणि शब्द त्याचा नाहीये, बाबा. माझा आहे. मीच त्याला सांगायला पाठवलं."

कोरणाऱ्याने भिंग काढून ठेवलं. "तू? का?"

"माझ्याच्याने तुम्हाला सांगवेना म्हणून."

"मग ह्यातला कुठला अर्थ तुझ्या मनात आहे?"

तिने शिकंज्यातल्या अंगठीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "दोन्ही. त्याला धरून राहायचं, तर इथून सुटावं लागणारच ना?"

आता संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. जावयात खोट आहे असं वाटत होतं, तोवर हे लग्न मोडेल अशी चोरटी आशा तरी होती. त्याच आशेवर आपण इतके दिवस काढले, हे त्याला पहिल्यांदा कळलं आणि फार वाईट वाटलं. तिला जाऊ नकोस म्हणावं असं अगदी ओठांवर आलं होतं.

त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, कोरणी उचलली.

"वरवर कोरू की खोल?" त्याने विचारलं. "वरवर कोरलेलं पुढेमागे घासून काढता येतं."

"खोल," ती म्हणाली.