थांबामास्तरांच्या टेबलावरचा डबा

मित्रांनो, तुम्ही मला पहिल्यांदा पाहाल तर म्हणाल, हा तर जेवणाचा डबा! तुमची काही चूक नाही. मी आहेच तेवढा. चौकोनी, बुटका आणि करड्या रंगाचा. पण माझ्या पोटात पोळी नाही. तारा आहेत, चकत्या आहेत आणि एक इवलासा पंखा आहे. मी संगणक आहे, आणि आता बऱ्यापैकी जुना झालो आहे. टेबलावर जागा कमी लागावी म्हणून मला मुद्दाम लहान घडवले. पडदा माझ्या शेजारी वेगळा ठेवतात. त्यामुळे काम मी करतो आणि लोक पाहतात पडद्याकडे. असो, आता सवय झाली आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि हातांत मोजे असत. धुळीचा कण आत आला तरी गहजब होई. मला वाटले, सगळे जग असेच स्वच्छ असणार. मग मला खोक्यात भरले, आणि ते खोके उघडले ते थेट चामड्याच्या भुशात!

मी आलो होतो बुटांच्या एका कारखान्यात. कारखाना म्हणजे रस्त्यालगतच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझे टेबल, मागच्या खोलीत कोरायचे यंत्र, आणि दोन्हीकडे चामड्याचा, पॉलिशचा आणि तळवे चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. इथे मास्तर बूट बनवत आणि त्यांची मोठी बहीण वरचे चामडे शिवत असे. मास्तर तिला ताई म्हणत, म्हणून सगळा रस्ताच तिला ताई म्हणे.

पण इथले बूट साधे नव्हेत. ज्यांच्या पायांना दुकानातला कोणताच बूट बसत नाही, अशी माणसे इथे येत. कुणाचा एक पाय मोठा, कुणाची टाच झिजलेली, कुणाला बोटेच नाहीत. माणूस काचेच्या पाटावर पाय ठेवी, भोवतीचे कॅमेरे तो पाय सगळीकडून पाहत आणि जे दिसेल ते माझ्याकडे धाडत. मी त्याचे चित्र बनवी आणि मागच्या यंत्राला सांगे, इथे खोल कोर, इथे हलके. त्यातून तयार होई फर्मा, म्हणजे हुबेहूब त्या पायासारखा लाकडी ठोकळा. त्यावर चामडे ताणून बूट बेतायचा.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान बरं का!" मी पंखा थोडा जोरात फिरवून घेई. दुसरे काय करणार?

पुढे माझे वय झाले. मोठा पाय आला की मला धाप लागे. फर्मा अर्धा कोरून झाला की चित्र गोठे, यंत्र थांबे आणि चांगले लाकूड वाया जाई. "आला याला झटका," असे म्हणून ताई मला चापट मारी. त्या चापटीने मला बरे वाटत नसे, पण ताईला वाटत असावे.

आता मास्तरांचा स्वभाव सांगायला हवा. रस्त्यावरची माणसे त्यांना पाठीमागे थांबामास्तर म्हणत. छत्री फाटली, तेव्हा याहून चांगली छत्री बाजारात येईल म्हणून ते थांबले आणि भिजत राहिले. चष्म्याचा नंबर अजून बदलेल म्हणून चष्मा घेईनात. ताई म्हणे, "लग्नाचंही तसंच केलं यानं. याहून चांगलं स्थळ येईल, जरा थांबू. आता बसलाय माझ्या डोक्यावर!"

अशा माणसाला कुणीतरी सांगितले, की माझ्याच घराण्यातला नवा संगणक येणार आहे. माझ्याएवढाच लहान, पण म्हणे वाऱ्यासारखा चालणारा. झाले! मास्तर रोज सकाळी कामाआधी त्याच्या बातम्या वाचू लागले. आणि वाचत कुठे? माझ्याच पडद्यावर! माझ्या जागी येणाऱ्याचे फोटो मीच त्यांना काढून दाखवत होतो.

"या महिन्यात येतोय, ताई."

"मागच्या महिन्यातही येतच होता."

"अगं, आज दुकानातला घेतला आणि उद्या नवा आला तर? जन्मभर हळहळ नको. जरा थांबू."

दर खेपेला तारीख पुढे जाई. मित्रांनो, मला ते बरेच वाटे. नवा आला की मी भंगारात, हे न कळण्याइतका मी डबा नाही. तो जितका उशिरा येईल तितके माझे दिवस वाढणार होते. मला त्या वाट पाहण्याची गोडीच लागली होती.

आणि मग भिंगरी आली.

हे तिचे घरचे नाव. एका पायावर गिरकी घेण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दोन पायांवर चालायचे म्हटले की मात्र पंचाईत. तिचा एक पाय आखूड होता आणि त्याचा पंजा आत वळलेला होता. आधीच्या चपलेखाली कुणीतरी रबराचे थर चिकटवून दिले होते. ती चालू लागली की आधी 'टक्' वाजे आणि मग पाय ओढल्याचा 'खस्स'. तिची आई बस चालवायची. ती गणवेशातच आली होती, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बसायला तयार नव्हती.

"मास्तर, सुट्टी संपली की ही मोठ्या शाळेत जाणार," आई म्हणाली. "आत्तापर्यंत मी तिला पहाटेच्या बसमधून नेऊन सोडायचे. शाळेचं फाटक उघडायच्या आधीपासून बिचारी पायरीवर एकटी बसून असायची. आता म्हणते, मैत्रिणींबरोबर चालत जाईन."

नवी शाळा आमच्याच रस्त्याच्या टोकाला, चढावर होती.

"दोघी मला बोलवायला येणार आहेत," भिंगरीने मास्तरांना सांगितले. "मी त्यांना हो म्हटलंय."

पाटावर तिचा पाय टेकला आणि माप माझ्याकडे आले. एवढासा पाय, पण इतक्या वळणांचा मी कधी पाहिला नव्हता. मी जिवाचे रान केले. तरी फर्मा कोरताना टाचेपाशीच गोठलो. मास्तरांनी पुन्हा चालू केले, मी पुन्हा गोठलो.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "हिचा बूट या डब्यावर नको. नवा आला की एका दमात होईल. माप तर घेऊन ठेवलंय, ते कुठे पळून जातंय?"

त्यात त्यांचा आळस नव्हता. पोरीला सगळ्यात चांगला बूट मिळावा, हीच त्यांची इच्छा होती. थांबणाऱ्या माणसाचे कारण नेहमी चांगलेच असते, तिथेच तर घोटाळा होतो.

सुट्टी सुरू झाली, सरत आली. नवा संगणक काही येईना. ताईने टुमणे लावले, तेव्हा मास्तर एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. तिथे मांडलेला संगणक त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि हात हलवत परत आले. पुढे ताईच त्यांना हाताला धरून घेऊन गेली, तर दुकानदार म्हणाला, "नवा येणार म्हणून कंपनीनं हा बनवायचा बंद केला. शेवटचा होता तो परवाच गेला."

"घ्या!" ताई परत येऊन म्हणाली. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं."

ते धुपाटणे म्हणजे मी, हे सांगायला नको.

शाळा उघडायला आठवडा उरला, तेव्हा आई भिंगरीला घेऊन पुन्हा आली. जुन्या चपलेने तिच्या टाचेला फोड आले होते. ताईने तिला मांडीवर घेतले. मग काय मनात आले कोण जाणे, तिने माझ्याकडून कागदावर काढलेले मापाचे चित्र जमिनीवर पसरले आणि भिंगरीचा पाय त्यावर ठेवला. अंगठा रेघेच्या बाहेर गेला होता. करंगळीसुद्धा.

"चष्मा नाही तर जवळ येऊन बघ," ताई मास्तरांना म्हणाली. "माप कुठे पळून जातंय, म्हणाला होतास ना? माप आहे तिथेच आहे. पाय पळाला."

मास्तर खाली बसून पाहत राहिले. इतकी वर्षे पायांचेच काम करणारा माणूस, पण लहान मुलाचा पाय कुणासाठी थांबत नाही, एवढी साधी गोष्ट नव्याच्या नादात त्यांच्या ध्यानातून गेली होती. आईने घड्याळाकडे पाहिले. तेवढ्यात भिंगरीनेच विचारले,

"काका, मी जेवायचं थांबवू का? म्हणजे पाय वाढणार नाही."

मित्रांनो, मला डोळे नाहीत. असते तर त्या वेळी ते भरून आले असते. मास्तरांचे आलेच.

"नाही गं बाई," ते म्हणाले. "तू भरपूर जेव आणि वाढ. थांबणं बंद करायचं ते मी. चल, ठेव पाय."

पुन्हा माप घेतले. मी कामाला लागलो आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले, कारण मी पुन्हा गोठलो. ताईने चापट मारायला हात उचलला आणि माझ्यावर टेकवला, तो झटकन मागे घेतला.

"अरे, हा तव्यासारखा तापलाय! याला कधी उघडून पाहिलंयस?"

कुणीच पाहिले नव्हते. मास्तरांनी स्क्रू काढले. माझ्या पोटात चामड्याच्या भुशाची गादी तयार झाली होती आणि पंखा तिच्यात रुतून बसला होता. खोलीभर ब्रश टांगलेले. बुटांना रोज ब्रश, पण हाताशी राबणाऱ्या माझ्यावरून इतक्या वर्षांत तो एकदाही फिरला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मास्तरांनी सगळ्यात मऊ ब्रश घेतला आणि नाजूक जरीच्या जोड्यावरून फिरवावा तसा हलक्या हाताने माझ्यातून फिरवला. माझा पंखा मोकळा फिरला आणि मी पोटभर श्वास घेतला. तो क्षण मी जन्मात विसरणार नाही.

"आणि एकदम सगळा पाय देऊ नकोस याला," ताई म्हणाली. "घास लहान केला की म्हातारंही जेवतं. आधी टाच दे, मग पंजा."

मास्तरांनी फर्म्याचे दोन तुकडे करायचे ठरवले. टाच कोरून झाली. मी गोठलो नाही. पंजा निम्मा झाला, तेव्हा माझा पंखा घरघरू लागला आणि मास्तर मला हळूच म्हणाले, "चल रे माझ्या राजा, थोडंच राहिलं." बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला डबा म्हटले नव्हते. मी तो पंजा शेवटच्या बोटापर्यंत कोरून घेतला. दोन्ही तुकडे जोडल्यावर सांधा कुठे आहे ते ताईलाही बोटाने चाचपून पाहावे लागले.

दुसऱ्या पायाचा फर्मा तर सहज झाला. मग चामडे ताणले, आखूड पायाच्या बुटाला जाड तळवा चढवला. पुढे पाय वाढायला थोडी जागाही ठेवली. भिंगरीने निळा रंग मागितला होता, ताईने वर पिवळी नाडी घातली.

शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी सकाळी बातम्या लावल्याच नाहीत. दोघे बहीणभाऊ खिडकीत उभे होते. मी कान लावून होतो. आधी मुलींचे हसणे ऐकू आले. मग टक्, टक्, टक्, टक्. मधे कुठे खस्स नाही. तिघींच्या पावलांत भिंगरीची पावले कोणती, ते मला ओळखता येईना. न ओळखता येण्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. तिने जाता जाता काचेवर टिचकी मारली, आमच्यासमोर एक गिरकी घेतली, या खेपेला दोन्ही पायांवर, आणि चढावर निघून गेली. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक बस वळली. तिथे थांबा नव्हता, म्हणून ती थांबली नाही. पण तिचा भोंगा बराच वेळ वाजत होता. ताई पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगं, पुढे बघून चालव!"

नवा संगणक शेवटी आला. कसा आला, ऐका. मास्तर एका आजोबांच्या बुटाचा तळवा बसवत होते. ज्याच्यासाठी एवढी वाट पाहिली, ते खोके दारातच पडून राहिले आणि जेवणवेळ टळून गेल्यावर ताईच्या पायाला लागले, तेव्हा कुठे उघडले. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात, पण हा खरेच गुणी आहे. मोठे पाय एका दमात करतो. मी हेवा करत नाही. फारसा करत नाही.

मला भंगारात दिले नाही. लहान मुलांचे पाय अजून माझ्याकडेच येतात, आधी टाच, मग पंजा. दर शनिवारी ताई आम्हा दोघांवरून ब्रश फिरवते, आधी माझ्यावरून.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कुणी नव्याची वाट पाहत असेल, तर खुशाल पाहू द्या. नव्याची वाट पाहण्यात पाप नाही. फक्त तोवर जुन्याला एकदा उघडून पाहा, त्याचा श्वास मोकळा करा. आणि वाढणारे कुणी तुमच्या भरवशावर बसले असेल, तर त्याला मात्र थांबवून ठेवू नका.

कालचीच गोष्ट. दार धाडकन उघडले. दप्तर पाठीवर, निळे बूट हातात, आणि भिंगरी दारातूनच ओरडली, "काका, बूट लहान झाले!"

एवढी आनंदाची तक्रार आमच्या कारखान्यात दुसरी नाही. मास्तरांच्या हातात अर्धा शिवलेला बूट होता, सुई दोऱ्यासकट लोंबत होती. मी वाट पाहत होतो, की ते आता 'जरा थांब' म्हणतील.

त्यांनी बूट बाजूला ठेवला, माझे बटण दाबले आणि पाट पुढे सरकवला.

"ये," ते म्हणाले. "ठेव पाय."